घराचा कोड कोणाकडे?



स्त्रियांवरील हिंसेविषयी बोलताना कायदा, पोलीस, न्यायालय, माहेर या सगळ्यांबद्दल आपण या पानांतून लिहीत आलो आहोत. या अंकासाठी मी निवडलेला विषय जरा वेगळा आहे. दाराशेजारी भिंतीवर लावलेली एक पांढरी डबी, म्हणजे वायरलेस अलार्म. काही जणींना वाटेल, हा तर फ्लॅट-बंगलेवाल्यांचा विषय. चळवळीशी त्याचा काय संबंध? पण एके काळी सराफाच्या दुकानात आणि बड्या बंगल्यांत दिसणारे हे यंत्र आता मध्यमवर्गीय घरांत शिरले आहे. तार ओढावी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही, तासाभरात ते बसते. आणि कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करताना स्त्रियांच्या तक्रारींतही त्याचा उल्लेख मला ऐकू येऊ लागला आहे.

या यंत्राच्या जाहिराती पाहा. खिडकीशी काळा बुरखा घातलेला चोर, आत निर्धास्त झोपलेली आई आणि मूल. धोका बाहेर आहे आणि घर म्हणजे सुरक्षितता, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. आपला अनुभव काय सांगतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील, कधी ना कधी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. या स्त्रियांना मारणारा हात खिडकीतून आलेला नव्हता. त्याच्याकडे घराची किल्ली होती, आणि आज बहुधा अलार्मचा कोडही त्याच्याकडेच असेल.

म्हणून यंत्राला नावे ठेवून आपण मोकळ्या होऊ का? मला तसे वाटत नाही. घराच्या सुरक्षा यंत्रणेचा इतिहासच मुळी एका कष्टकरी स्त्रीपासून सुरू होतो. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी कृष्णवर्णीय परिचारिका. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि बोलावले तरी पोलीस वेळेवर येत नसत. तिने नवरा अल्बर्ट याच्यासह एक यंत्रणा तयार केली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोके, त्यामागे सरकणारा कॅमेरा, झोपण्याच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि मदतीसाठी दाबायचे बटण. १९६६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. दार उघडायचे की नाही हे घरात एकटी असलेली बाई ठरवील, हा त्यामागचा विचार होता. आज त्याच कल्पनेतून निघालेली यंत्रे विकली जात असताना हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे उरला आहे का, हे आपण विचारायला हवे.

त्यासाठी आधी यंत्र समजून घेऊ. ‘ते आमचे हेच बघतात’ असे म्हणून आपण बँकेचे पासबुक, गॅसचे कार्ड, घराची कागदपत्रे आजवर दुसऱ्याच्या हाती दिली. आता त्यात आणखी एका वस्तूची भर नको.

यंत्राची रचना सोपी आहे. दाराच्या चौकटीवर सेन्सरचा एक तुकडा आणि दारावर चुंबकाचा दुसरा. दार उघडले की दोन्ही दुरावतात आणि सेन्सर बिनतारी लहरींवरून मुख्य पॅनेलला कळवतो. खोलीच्या कोपऱ्यातला दुसऱ्या प्रकारचा सेन्सर हलत्या माणसाच्या अंगाची उष्णता टिपतो. पॅनेल सायरन वाजवते आणि आतल्या सिम कार्डावरून किंवा घरच्या वायफायवरून नेमून दिलेल्या नंबरांना फोन वा संदेश करते.

अलार्म लावण्याचे साधारण दोन प्रकार असतात. सगळे घराबाहेर पडताना लावायचा, त्यात सर्व सेन्सर जागे असतात. दुसरा घरात असताना, विशेषतः रात्री लावायचा. त्यात दारे-खिडक्या राखल्या जातात, पण खोलीतला हालचालीचा सेन्सर झोपलेला राहतो, म्हणजे रात्री मोरीकडे जायला उठले तर सायरन वाजत नाही. लावल्यानंतर बाहेर पडायला आणि आत आल्यावर कोड दाबायला काही सेकंदांची मुदत मिळते, ती कमीजास्त करता येते. कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेल्या बाईला किती सेकंद लागतात, त्या हिशेबाने ती ठरवावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रिमोटवर किंवा वेगळे मिळणारे मदतीचे बटण बहुतेक संचांत अलार्म बंद असतानाही चालते. घरात हे यंत्र असूनही या बटणाचे काम अनेक जणींना कोणी सांगितलेलेच नसते. काही पॅनेलना धाकाखाली दाबायचा वेगळा कोडही ठेवता येतो. तो दाबला की अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो, पण नेमलेल्या नंबरांना गुपचूप संदेश जातो.

कारखान्यातून येताना पॅनेलचा कोड १२३४ किंवा ०००० असा सोपा असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना आधी सांगून प्रत्येक दार उघडून पाहावे, मदतीचे बटण दाबून पाहावे. अनेक स्वस्त संचांतला सेन्सर फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याची बॅटरी पूर्ण संपली तर पॅनेलला पत्ताही लागत नाही. सिमचा रिचार्ज संपला की फोन जात नाही. वीज गेली की पॅनेल आपल्या बॅटरीवर काही तास चालते, पण राऊटर बंद पडल्यामुळे केवळ वायफायवर अवलंबून असलेला संदेश अडकून बसतो. भारनियमन अनुभवलेल्या आपल्या गावांत सिमची सोय असलेलेच यंत्र घेतलेले बरे.

आता सत्तेचा प्रश्न. मोबाईलवरून चालणाऱ्या यंत्रात ज्याने पहिली नोंदणी केली त्याच्याकडे सगळी सूत्रे राहतात. इतरांना तो ‘सदस्य’ म्हणून आत घेतो आणि हवे तेव्हा काढूनही टाकतो. ॲपच्या भाषेत त्याला ‘ओनर’ म्हणतात. आपल्याकडे अजूनही कितीतरी जणी नवऱ्याचा उल्लेख ‘आमचे मालक’ असाच करतात. ज्या शब्दाशी आपण इतकी वर्षे भांडलो, तो या यंत्राने पुन्हा कामाला लावला आहे. दार किती वाजता उघडले, कोणाच्या रिमोटने अलार्म काढला, याची नोंद मालकाच्या फोनवर राहते. सिमवर चालणाऱ्या अनेक पॅनेलमध्ये तर बाहेरून फोन करून खोलीतले बोलणे ऐकण्याची सोय असते. चोर आत शिरला का, हे कळावे म्हणून ती दिलेली. पण ती चोराचेच बोलणे ऐकते असे थोडेच आहे?

केंद्रात आलेल्या दोघींचे अनुभव इथे देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिलीचा नवरा ऑफिसातून अलार्म लावून ठेवी. ती घरातच असे, पण दार उघडले की सायरन. शेजारी गोळा होत, नवऱ्याचा फोन येई, ‘कुठे निघाली होतीस?’ बाहेरून कुलूप घातले असते तर ते कोणालाही दिसले असते. हे कुलूप दिसत नव्हते. आणि तिच्या आईचे म्हणणे काय, तर ‘जावई किती काळजी घेतो!’ दुसरीला न्यायालयाकडून घरात राहण्याचा आदेश मिळाला, नवरा वेगळा राहू लागला. पण यंत्र त्याच्याच फोनवर होते. रात्री-अपरात्री सायरन वाजे, मुले दचकून उठत, सोसायटीत तक्रारी जात. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, अंगावर वळ नाही. पोलीस चौकीत सांगायचे काय?

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. इंग्लंडमध्ये २०१८ साली एका नवऱ्याला शिक्षा झाली. घराच्या दिवाबत्तीचे नियंत्रण करणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रातून तो विभक्त झालेल्या बायकोचे बोलणे चोरून ऐकत होता. तिथल्या न्यायालयाने ती पाळत हा गुन्हा मानला.

आपल्या कायद्याचा इथे उपयोग नाही असे समजू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये हिंसेची व्याख्या व्यापक आहे. मानसिक आणि आर्थिक छळ तिच्यात येतो. कलम १७ प्रमाणे स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे आणि कलम १९ खाली निवासाचा आदेश मिळतो. याच कलमानुसार मॅजिस्ट्रेट पीडित स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक त्या आणखी अटी घालू शकतात. मग आपल्या अर्जात हे स्पष्ट का मागू नये? अलार्मचा मुख्य कोड, सर्व रिमोट, सिम आणि ॲपचा ताबा अर्जदार स्त्रीकडे द्यावा आणि प्रतिवाद्याने दुरून यंत्र चालवू नये. स्त्रीधन, रेशन कार्ड, मुलांचे दाखले यांची यादी आपण अर्जाला जोडतोच, त्यात ही एक ओळ घालायची आहे. किल्ली मिळाली आणि कोड राहिला, तर घर अर्धेच मिळाले.

मात्र कार्यकर्त्यांना एक सावधगिरी सांगते. हिंसक नवऱ्यासोबत राहणाऱ्या बाईला ‘आजच कोड बदल’ असा सल्ला देऊ नका. बदल झाल्याचे त्याच्या फोनवर कळते आणि तो पिसाळू शकतो. आधी ती सुरक्षित कुठे जाऊ शकेल ते ठरवा. संदेशांचे फोटो काढून तारीख-वेळ लिहून ठेवा आणि यंत्राच्या आवाक्याबाहेर बसून बोला. इलेक्ट्रॉनिक पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, हे वकिलांना आठवण करून द्या.

या यंत्राच्या कक्षेत आणखी एक बाई येते, घरकाम करणारी. तिला कोड दिला तर ‘हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ आणि दिला नाही तर सायरन वाजल्यावर शरमेने अर्धी तीच होते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तरी संशयाची पहिली बोट आजही तिच्याकडेच वळतात. अनेक यंत्रांत प्रत्येकीला वेगळा कोड देता येतो. तिला तो द्यावा आणि त्याची नोंद राहते हेही तिला सांगावे. न सांगता ठेवलेली नोंद म्हणजे पाळतच. आपल्या घरातल्या यंत्राची मालकीण आपण असू, तेव्हा आपणही मालकासारख्या वागतो का, हे तपासायला हवे.

शेवटी सायरन वाजल्यावर येणार कोण? पुण्यात एकट्या राहणाऱ्या आईच्या घरी अमेरिकेतला मुलगा यंत्र बसवतो आणि पहिला नंबर स्वतःचा घालतो. तो तिथून काय करणार? पहिला नंबर समोरच्या घरातल्या बाईचा हवा. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने २००८ साली ‘बेल बजाओ’ मोहीम सुरू केली होती. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर जाऊन बेल वाजवा, एवढेच तिचे सांगणे. त्या बेलला ना सिम लागते ना कोड. यंत्र आवाज करील, दार ठोठावायला माणूसच लागते.

म्हणून आपल्या गटांनी येत्या तीन महिन्यांत एवढे करावे, अशी माझी सूचना आहे.

१. एका बैठकीत एखादीच्या घरचा संच आणून तो सर्वजणींनी हाताने चालवून पाहावा: लावणे, काढणे, मदतीचे बटण, कोड बदलणे.

२. आपल्या घरच्या यंत्राचा ओनर कोण आणि नंबरांच्या यादीत कोण, हे प्रत्येकीने तपासावे. जिथे ते सुरक्षित असेल तिथे स्वतःचे आणि शेजारणीचे नाव घालावे.

३. प्रत्येक वस्तीत ‘सायरन वाजला तर मी येईन’ असे सांगणाऱ्या पाच जणींची यादी करावी. त्यासोबत आपत्कालीन ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे नंबर तोंडपाठ असावेत.

४. सल्ला केंद्राच्या नोंदणी फॉर्ममध्ये घरातल्या अलार्म, कॅमेरा, मोबाईल यांबाबतचा प्रश्न घालावा. आपण विचारले नाही तर ती सांगत नाही, कारण हा छळ आहे असे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

यातील चौथी सूचना आमच्या केंद्रात आम्ही अमलात आणत आहोत. तुमच्याकडे काय दिसते ते जरूर कळवा. पुढच्या अंकात त्या अनुभवांसाठी जागा राखून ठेवली आहे.

संपादक मंडळाच्या वतीने