श्वान उद्यानाच्या फाटकावरची पाटी

संध्याकाळची साडेसहाची वेळ. सोसायटीमागच्या मैदानात एका कोपऱ्यात लहान मुलं वाळूत खेळत आहेत. दुसऱ्या कोपऱ्यात तीन-चार पाळीव कुत्री मोकळी सोडली आहेत. त्यातलं एक वाळूच्या कडेला येतं, पाठ वाकवून बसतं, उठल्यावर मागच्या पायांनी थोडी माती उडवतं आणि पळत सुटतं. मालक फोनवर बोलत असतात. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं असतं, ‘मातीच आहे ना, मिसळून जाईल.’ मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कुठेही दिसणारं हे दृश्य.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबाबत दिलेल्या आदेशांपासून देशभर मोठा वाद पेटला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा त्याच भागात सोडायची का, त्यांना खायला कुठे घालायचं, शाळा-रुग्णालयांच्या आवारातून ती हटवायची का, यावर दोन तट पडले. या गदारोळात एका कुत्र्याकडे मात्र सर्वांचंच दुर्लक्ष झालं. तो म्हणजे गळ्यात पट्टा असलेला, आपल्या घरात राहणारा कुत्रा.

त्याच्यासाठी आता शहरांतून श्वान उद्यानांची मागणी होते आहे. हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर येथे सव्वा एकराहून मोठं श्वान उद्यान सुरू केलं. मागणी रास्तच आहे. आपल्या बहुतेक सार्वजनिक बागांत कुत्र्यांना मज्जाव असतो आणि फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या जनावराला धावायला जागा हवीच. पण अशा उद्यानाच्या फाटकावर एक पाटी असते: परवाना आणि लस आवश्यक, विष्ठा ताबडतोब उचला, चार महिन्यांखालील पिल्लांना प्रवेश नाही, आजारी कुत्रा आणू नका. वाचणाऱ्याला हे शिष्टाचाराचे नियम वाटतात. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक नियम एखाद्या जंतूच्या किंवा जंताच्या जीवनचक्राला धरून केलेला आहे.

‘ताबडतोब’ का?

कुत्र्याच्या आतड्यात टोक्सोकॅरा नावाचा गोल जंत असतो. पिल्लांना तो बहुधा जन्माआधीच, आईच्या पोटात असताना मिळतो. या जंताची एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. ती विष्ठेतून बाहेर पडतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की ताज्या विष्ठेतली ही अंडी माणसाला बाधत नाहीत. आत अळी तयार व्हायला त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर मात्र ती मातीत महिनोन् महिने, कधी काही वर्षंही तग धरतात. विष्ठा दिसेनाशी होते, पावसाने पसरते आणि आपल्याला जागा स्वच्छ वाटते, नेमकी तेव्हाच ती धोकादायक झालेली असते.

मातीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ही अंडी गेली, की अळ्या बाहेर पडून यकृत, फुप्फुसं अशा अवयवांत भटकतात. बऱ्याच मुलांना काहीच जाणवत नाही, काहींना ताप-खोकला येतो. क्वचित अळी डोळ्यात पोहोचते आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची अधू करते. कुत्र्यांच्या अंकुशकृमीची गती आणखी जलद. त्याच्या अळ्या ओलसर, उबदार मातीत आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात. मग त्वचेवर नागमोडी, प्रचंड खाजणारी लाल रेघ सरकत जाते.

म्हणजे ‘विष्ठा उचला’ या नियमातला खरा शब्द ‘ताबडतोब’ हाच आहे. पिशवीत उचलून कचऱ्यात टाकायला अर्धा मिनिट लागतो आणि साखळी तिथेच तुटते. शेणाला खत मानणाऱ्या आपल्या मनाला हे सहज पटत नाही. पण कुत्र्याची विष्ठा हे शेण नव्हे. ती झाडाच्या आळ्यात किंवा कुंडीतही टाकू नये. याच्या जोडीला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक दिलं, तर मुळावरच घाव बसतो.

बिल्ला कशासाठी?

मुंबई-पुण्यात कुत्रा पाळण्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. पुष्कळ घरांत तो नसतो. ‘आणखी एक कागद’ एवढंच त्याचं मोल वाटतं. रेबीजच्या संदर्भात मात्र हा कागद फार मोलाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात आणि त्यातली एक तृतीयांशाहून अधिक भारतातली असतात. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास शंभर टक्के प्राणघातक आहे.

उद्यानात अनोळखी कुत्रा चावला, तर डॉक्टर दोन गोष्टी विचारतात: कुत्र्याला लस दिली आहे का आणि त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येईल का? रेबीज झालेला कुत्रा लाळेतून विषाणू सोडू लागल्यावर साधारणपणे दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर पुढच्या उपचारांचा निर्णय डॉक्टरांना घेता येतो. परवाना असला तर कुत्रा, मालक आणि लसीची नोंद हाती लागते. नसला तर जखमी माणसाच्या हाती राहते ती केवळ अनिश्चितता.

अर्थात चावा पाळीव कुत्र्याचा असो की तीन महिन्यांच्या पिल्लाचा, जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणं यात हयगय नको. दहा दिवसांची वाट पाहत लस पुढे ढकलायची नसते. ती लगेच सुरू करायची असते.

पिल्लू आणि पाऊस

चार महिन्यांखालील पिल्लांना बंदी ही त्यांच्याच रक्षणासाठी. पार्व्हो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि सॅनिटायझरला दाद देत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि लसींचा क्रम पूर्ण झालेला नसतो, त्या मधल्या आठवड्यांत पिल्लू त्याच्या तावडीत सापडतं. उलट्या-जुलाबांनी काही दिवसांत खेळ संपतो. हा विषाणू माणसाला बाधत नाही, पण आपल्या चपलेला चिकटून घरी जरूर येतो.

पावसाळ्यात भर पडते लेप्टोची. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना हे नाव वेगळं सांगायला नको. लेप्टोचे जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून पाण्यात उतरतात, ओल्या मातीत टिकतात आणि कोरड्या जागेत लवकर मरतात. न्यूयॉर्कसारख्या शहरातही २०२३ मध्ये माणसांत लेप्टोचे २४ रुग्ण नोंदले गेले आणि तिथे मुख्य संशय उंदरांवर होता. म्हणूनच उद्यानात डबकं साचू न देणं, कुत्र्यांचं उरलेलं खाणं तिथे न टाकणं आणि कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस देणं या तीन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

पाटी आणि पालिका

पाटी लावली की पालिकेचं काम संपत नाही. विष्ठा टाकायला झाकणाचा डबा नाही, हात धुवायला नळ नाही, पाण्याचा निचरा नाही आणि परवाना तपासायला माणूस नाही, अशा ठिकाणी श्वान उद्यान म्हणजे रोगजंतूंना दिलेली राखीव जागा ठरेल. परवाना ऑनलाइन, स्वस्त आणि लसीकरणाच्या नोंदीशी जोडलेला असावा. मुलांच्या खेळाची जागा आणि कुत्र्यांचं कुंपण यांत अंतर असावं.

बाकी जबाबदारी मालकांची. न्यूयॉर्क राज्यात कुत्र्याची विष्ठा उचलण्याची सक्ती करणारा कायदा १९७८ मध्ये लागू झाला, तेव्हा त्याची बरीच टिंगल झाली होती. आज तिथे खिशात पिशवी असणं ही साधी सवय आहे. प्रत्येक कुत्र्यामागे शिपाई ठेवणं कोणत्याच पालिकेला जमणार नाही. शेजाऱ्याने न भांडता केलेली आठवण आणि मालकाने न रागावता काढलेली पिशवी हेच इथे चालेल.

भटक्या कुत्र्यांचं काय करायचं, यावर आपलं एकमत व्हायला वेळ लागेल. पण आपल्या हातातल्या साखळीच्या टोकाला असलेल्या कुत्र्याचं काय करायचं, हे ठरलेलं आहे. वाळूत खेळणाऱ्या त्या मुलासाठी एवढं तरी आज संध्याकाळपासून करता येईल.