हात हलतो की नट?

दसरा-दिवाळीच्या ऑफर्स लागल्या की मला एक प्रश्न हमखास येतो: स्टॅबिलायझेशनसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? यंदा तो भाचीने विचारला. तिच्यासमोर कॅननचे दोन कॅमेरे होते, आर ८ आणि आर ६ मार्क टू. दोन्हींचा सेन्सर एकाच जातकुळीचा, २४ मेगापिक्सेलचा. मार्क टूमध्ये हाताचा कंप गिळण्यासाठी तो सेन्सर स्वतः सरकतो, आर ८ मध्ये जागचा हलत नाही. मोठी बॅटरी, दुसऱ्या कार्डाची जागा असे आणखीही फरक आहेत, पण दुकानदार बोट ठेवतो ते स्टॅबिलायझेशनवर. आणि भावातल्या फरकात एक बरी लेन्स सहज येते.

‘मामा, तूच सांग आता.’

‘आधी तुझे बिघडलेले फोटो पाठव.’

‘बिघडलेले? चांगले नकोत?’

‘चांगले कसले बघू? त्यांचं औषध कोण विचारतंय?’

ती कॉलेजच्या एकांकिकांचे फोटो काढते. फोटो स्क्रीनवर मोठे करून पाहिले, की निदान फार अवघड नसतं. भिंत, खुर्ची, माणूस असं सगळंच एका दिशेला फरपटलेलं दिसलं तर हात हललेला असतो. खुर्ची लख्ख आणि माणसाचा हात पुसटलेला, तर माणूस हललेला असतो. माणूस धूसर पण त्याच्यामागचा पडदा स्वच्छ, तर फोकस चुकलेला. शटर स्पीड फाइलमध्ये नोंदलेला असतोच. भाचीच्या बहुतेक फोटोंत रंगमंचावरच्या ट्रंकेची कडीसुद्धा स्पष्ट होती आणि नटाच्या बोटांचं मात्र पीठ झालेलं. शटर १/४० सेकंद. म्हणजे पोरीचा हात चांगला स्थिर आहे, नट स्थिर नाही. नटाला स्थिर करणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही.

मोठ्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही, म्हणून यंत्रणा नेमकं काय करते ते पाहू. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये इवलेसे जायरो सेन्सर असतात. हात कुठे आणि किती कलला हे ते सतत मोजतात आणि त्याप्रमाणे लेन्समधला काचांचा एक गट, किंवा खुद्द सेन्सर, चुंबकांच्या जोरावर उलट बाजूला सरकतो. किती सरकावं लागतं? ५० एमएमची लेन्स अंशाच्या दहाव्या भागाएवढी कलली तर सेन्सरवरचं चित्र साधारण ०.०९ मिलिमीटर हलतं. किरकोळ वाटेल, पण २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा असतो. चित्र १४-१५ पिक्सेल फरपटलं. ५०० एमएमच्या लेन्सला तोच कल दीडशे पिक्सेलच्या घरात जातो. जुने लोक ‘शटर निदान एक भागिले फोकल लेन्थ ठेव’ असं सांगायचे, ५० ला १/५० आणि ५०० ला १/५००, ते याच हिशोबाने. मोठ्या टेलिफोटोसाठी लेन्समधलंच स्टॅबिलायझेशन जास्त कामाला येतं, तेही यामुळेच: एवढं अंतर धावायला सेन्सरला जागा कुठून आणायची?

कॅटलॉगमध्ये आता ‘८ स्टॉप’ छापलेलं असतं. एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट. १/५० सेकंदापासून आठदा दुप्पट करत गेलं की पाच सेकंद होतात. हे आकडे ‘सिपा’ या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या चाचणीतून येतात. त्यात कॅमेरा थरथरणाऱ्या यंत्रावर बसवतात. ते यंत्र राजगड चढून धापा टाकत नसतं, त्याला सकाळपासून तीन चहा झालेले नसतात. मी छापील आकड्याच्या निम्मे स्टॉप धरतो. तेवढेही थोडे नाहीत: २०० एमएमची लेन्स चार स्टॉपांनी १/२०० वरून १/१३ पर्यंत उतरते.

हे सगळं वसूल होतं ते अजिंठ्यात. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उजेड जेमतेम, फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ३५ एमएमची लेन्स, शटर १/८, आणि आयएसओ फार न चढवता रंग जसेच्या तसे. बोधिसत्त्व गेली पंधराशे वर्षं हललेला नाही, तुमच्यासाठी आठवा हिस्सा सेकंद खुशाल थांबेल. जुनी देवळं, वाडे, संग्रहालयं, तिन्हीसांजेचे किल्ले असं ज्याचं वेड असेल, त्याने बिनदिक्कत पैसे मोजावेत.

वारीतलं रिंगण मात्र वेगळं. तिथे अश्व भरधाव येतो, शटर १/१००० लागतं, आणि आषाढातल्या ढगाळ दुपारीही तेवढा उजेड असतो. स्टॅबिलायझेशन चालू असो वा बंद, फोटोत फरक शोधून सापडणार नाही. अश्वाबरोबर कॅमेरा फिरवत १/३० ला पॅनिंग करणार असाल तेवढं खरं. त्यासाठी काही लेन्सवर ‘मोड २’ असतो, तो आडव्या फिरण्याला अडवत नाही, फक्त वर-खाली होणारा कंप सांभाळतो.

भाचीचं दुखणं वेगळं आणि औषध स्वस्त होतं. तिच्याकडची झूम लेन्स रंगमंच जवळ आणला की एफ ५.६ ला पोचते. ५० एमएम एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. १/४० च्या जागी सरळ १/४०० मिळालं की नटाचा हात आणि तिचा हात दोन्ही गोठतात. या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, आणि तिथे लागतही नाही. तोटा आहे: एफ १.८ ला फोकसची पट्टी इतकी अरुंद की पुढच्या रांगेतला नट टिपला तर मागच्या रांगेतला मऊ होतो. नाटकाला ते चालतं, लग्नाच्या ग्रुप फोटोला नाही. आणि दुकानात कुणी आपणहून सांगत नाही असा एक मुद्दा: स्टॅबिलायझेशन लेन्समध्ये असेल तर ते आर ८ वरही चालतं. बॉडीसाठी पैसे टाकण्याआधी आपल्या पिशवीत काय आहे ते पाहावं. बऱ्याच जणांनी एकदा मोजलेले असतात.

ताडोबात जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पहाटेचा उजेड, हातात ५०० एमएम, जिप्सीत शेजारचा माणूस दर मिनिटाला वळतोय. वाघ बसलेला असेल तर फोटो वाचतो. चालत असेल तर नाही, पण निदान व्ह्यूफाइंडरमध्ये तो एका जागी दिसतो, आणि न नाचणारं चित्र दिसलं की फोकसचा ठिपका डोळ्यावर नेता येतो. लांब लेन्सला मी एवढ्या एका कारणासाठीही पैसे देईन. व्हिडिओ काढणाऱ्यांना तर पर्यायच नाही. उभं राहून काढलेल्या शॉटला फरक जमीन-अस्मानाचा. चालत काढायचा असेल तर पावलांचा हिसका उरतोच, त्याला गिंबल हवा.

तसं हे तंत्र जुनं आहे. अदलाबदलीच्या लेन्समध्ये ते कॅननने १९९५ साली आणलं, ७५-३०० एमएमच्या झूममध्ये. सेन्सरच हलवण्याची युक्ती मिनोल्टाची, २००३ ची. पाच अक्षांवर कंप पकडणारी ऑलिंपसने २०१२ मध्ये आणली. मिनोल्टा मला आवडायची. पुढे कोनिका मिनोल्टा झालेल्या या कंपनीने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला आणि ती विद्या सोनीकडे गेली.

हीच नाजूक यंत्रणा आता फोनमध्येही असते, आणि हँडलला फोन अडकवून बुलेट पिटाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं आहे. सेकंडहँड घेतानाही जपायला हवं. काही कॅमेरे बंद असताना हलवले की आत खडखडतात. मोकळा सेन्सर आहे, घाबरण्याचं कारण नाही. लेन्स मात्र दुकानातच तपासावी. बटण अर्धं दाबलं की बारीक गुणगुण ऐकू येते आणि चौकटीतलं चित्र किंचित तरंगून स्थिरावतं. ते एका बाजूला उडी मारत असेल, तर विकणाऱ्याने भाव कितीही उतरवला तरी लेन्स त्याच्या काउंटरवरच ठेवून निघावं.