साखळीत अडकलेली शिष्यवृत्ती

कॉलेज सुरू झाले की शिरवळ, लोणंद, खंडाळा ते सातारा या पट्ट्यात खोली करून राहणाऱ्या मुलांना एक निमंत्रण येते. 'एक बिझनेस आहे, फक्त एक तास दे.' धंदा कोणता, माल कोणता, कंपनी कोणाची, हे फोनवर सांगायचे नाही, अशी निमंत्रण देणाऱ्याला शिकवण असते. मुलगा हॉलमध्ये जातो. टाय लावलेला वक्ता गाडीची, बंगल्याची, परदेशवारीची चित्रे दाखवतो आणि विचारतो, 'आयुष्यभर दुसऱ्याची चाकरीच करणार का?' ज्याच्या आई-बापाचा जन्म दुसऱ्याच्या रानात राबण्यात गेला, त्या पोराला हा प्रश्न वर्मी लागतो. लागावा म्हणूनच तो विचारलेला असतो.

मग जॉइनिंगचे पैसे. कुठे त्याला किट म्हणतात, कुठे प्रॉडक्ट पॅकेज, कुठे ट्रेनिंग फी. हे पैसे येतात कुठून? बापाने सोसायटीतून काढलेल्या उचलीतून, आईच्या बचत गटाच्या कर्जातून, नाहीतर नुकत्याच खात्यावर पडलेल्या शिष्यवृत्तीतून. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा हा आग्रह त्यांनी त्याआधीच लेखी मांडला होता. हॉलमधल्या वक्त्याला हा इतिहास ठाऊक नसतो. त्याला पोराच्या खात्यात किती आहेत एवढे ठाऊक असते.

वक्ता फळ्यावर जो हिशेब मांडतो तोच आपण शेवटपर्यंत करून पाहू. तो म्हणतो, तू फक्त सहा माणसे जोड, ते सहा आणखी सहा-सहा जोडतील. सहाचे छत्तीस, छत्तीसचे दोनशे सोळा. वक्ता इथे थांबतो आणि टाळ्या पडतात. आपण थांबू नये. चौथ्या पायरीवर १,२९६, पाचव्या पायरीवर ७,७७६, आठव्या पायरीवर १६ लाख ७९ हजार ६१६ आणि नवव्या पायरीवर एक कोटीच्या वर माणसे लागतात. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३० लाख होती, तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरून. म्हणजे खंडाळ्यातल्या एका मुलाची साखळी ठरल्याप्रमाणे चालली तर नवव्या पायरीला अख्खा जिल्हा तीनदा पुरणार नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. साखळी कुठेही तोडा, सगळ्यात खालच्या पायरीवर एकूण माणसांपैकी दर सहातले पाच उभे असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसते. त्यांनी पैसे भरलेले असतात, मिळालेले काही नसते. मुलाला सांगतात, 'तू मेहनत कमी केलीस, तुझी मानसिकता गरिबीची आहे.' दोष गणिताचा आणि शिक्का पोराच्या कपाळावर! जन्माने ठरलेल्या उतरंडीत खालच्यालाच दोषी ठरवण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

मग साबण, तेल, पावडर विकणे वाईट का? मुळीच नाही. विद्यार्थ्याने माल विकावा, नफा घ्यावा, हिशेब शिकावा. परीक्षा एकच. तुझा माल असा माणूस विकत घेतो का, ज्याला साखळीत यायचे नाही? बाजारातल्या किमतीपेक्षा महाग डबा केवळ सभासद राहण्यासाठी घरात साचत असेल तर ती विक्री नव्हे, ती वर्गणी झाली.

कायदाही हेच म्हणतो. प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) कायदा १९७८ चा आहे. माणसे भरती करण्यावर ज्यात कमाई अवलंबून असते अशी योजना चालवणे, तिच्यात सभासद नोंदवणे आणि तिच्यात भाग घेणे या तिन्ही गोष्टींना या कायद्याने बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. म्हणजे कंपनीचा मालक परदेशात बसला तरी चार मित्रांची नावे घालणारा आपला पोरगा इथे सापडतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने डायरेक्ट सेलिंगचे स्वतंत्र नियम काढले. त्यांनुसार पिरॅमिड योजना बंद, आणि विक्रेत्याकडून प्रवेश फी घेणेही बंद. आज जो कोणी जॉइनिंगचे पैसे मागतो, तो पहिल्याच पावलाला नियम मोडतो.

मोठी नावे पाहून भुलू नये. स्पीकएशियाने वर्षाला ११ हजार रुपये भरा, घरबसल्या सर्व्हे भरून पैसे मिळवा, असे सांगून लाखो लोक गोळा केले. २०११ साली मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत प्रकरण गेले आणि पैसे अडकले. क्यूनेटविरुद्ध मुंबईत २०१३ साली गुन्हा नोंदला गेला. त्या प्रकरणात २०१६ साली अटक झालेल्यांत बिलियर्ड्सचा माजी जगज्जेता होता. ॲमवेसारख्या जगभर पसरलेल्या कंपनीची ७५७ कोटींची मालमत्ता अंमलबजावणी संचालनालयाने २०२२ साली तात्पुरती जप्त केली. न्यायालये त्यांचा निवाडा करतील. पण 'एवढी मोठी कंपनी खोटी कशी असेल?' हा प्रश्न विचारणाऱ्याला एवढे पुरे.

आपल्या वस्तीत या धंद्याचे नुकसान पैशापुरते राहत नाही. शेठजीच्या पोराकडे भांडवल असते. आपल्या पोराकडे भांडवल म्हणजे मावशी, चुलता, वसतिगृहातला मित्र, विहारात भेटणारे कार्यकर्ते. वक्ता पहिल्याच दिवशी वहीत शंभर नावांची यादी करायला लावतो, ती हीच माणसे. सहा महिन्यांनी पैसे बुडतात तेव्हा मावशीच्या घरचा रस्ता बंद होतो, मित्र तोंड फिरवतो, आणि जयंतीच्या वर्गणीला गेलेल्या पोराकडेही लोक संशयाने पाहतात. पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या आधारावर तगलेल्या समाजाचा हा आधार कंपनी फुकटात वापरते.

तरीही 'करू नका' एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. पोराला पैसे लागतात हे खरे आहे. शिष्यवृत्ती वर्ष सरत आले तरी येत नाही, मेसवाला थांबत नाही. स्वाधार योजनेची रक्कम उशिरा मिळाली तर खोलीचे भाडे कोण भरणार? हॉलमधला वक्ता या खिंडारातून आत येतो. सरकारने शिष्यवृत्ती वेळेवर टाकली तर त्याचे निम्मे श्रोते कमी होतील. विद्यार्थी संघटनांनी समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा न्यायचा तो यासाठी.

आणि सातारा जिल्ह्याला शिकता शिकता कमावण्याचा धडा बाहेरून आणायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, मुलांनी श्रम करून शिक्षण घेतले, आणि 'कमवा आणि शिका' ही ओळखच इथून महाराष्ट्रभर गेली. स्वतः बाबासाहेबांनी अमेरिकेहून परतल्यावर शिकवण्या केल्या आणि शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसायही काढला. तो चालला नाही, कारण सल्लागाराची जात गिऱ्हाइकांना कळली. धंद्याचा त्यांना कधी तिटकारा नव्हता.

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे १९६१ च्या कायद्याखाली बंधनकारक आहे, विद्यावेतनासह. किती कारखान्यांनी किती स्थानिक मुले घेतली, याची यादी आपल्या कार्यकर्त्यांनी मागावी. दर ३ जानेवारीला याच तालुक्यातल्या नायगावला, सावित्रीमाईंच्या जन्मगावी, हजारो लोक येतात. त्या दिवशी पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मांडून शिष्यवृत्ती, शिकाऊ उमेदवारी आणि कॉलेजातल्या कमवा-शिका योजनेचे अर्ज भरून द्यायला काय हरकत आहे?

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी लाजेने गप्प बसू नये. पावती, मोबाईलवरचे मेसेज, पैसे पाठवल्याचा पुरावा जपून ठेवावा, ठरलेल्या मुदतीत माल परत करून लेखी पैसे मागावेत, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि दाद मिळाली नाही तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर गावातल्या शाखेच्या दोन माणसांना सोबत न्यावे.