गाडी बदलताना मिळालेला एक दिवस

सम्मेद शिखरजीच्या यात्रेला विदर्भातून निघणाऱ्या यात्रेकरूंना कोलकाता हे शहर बहुधा वाटेतच भेटते. नागपूरमार्गे हावड्याला उतरावे आणि तिथून रात्रीच्या गाडीने पारसनाथ स्थानक गाठावे, हा अनेक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. या दोन गाड्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा उरतो. काही जण तो प्रतीक्षालयात वळकटीवर डोके टेकून काढतात, तर काही जण भाड्याची मोटार ठरवून दिवसभरात आठ-दहा ‘पॉइंट’ पाहतात आणि संध्याकाळी त्यांतले निम्मे विसरतात. पहिल्या पद्धतीत निदान विश्रांती तरी मिळते.

एका दिवसात एवढे अफाट शहर पाहून होत नाही, हे आधीच मान्य केले की निवड सोपी होते. शहरातील एकच धागा हाती धरावा आणि तो नेईल तिकडे जावे. धागा मात्र आपल्या गावाशी कुठेतरी बांधलेला असावा.

समजा, केळझरचे एक कुटुंब निघाले आहे. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सातवीतला नातू. केळझर हे वर्धा-नागपूर रस्त्यावरचे, वर्ध्याहून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरचे गाव. टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या जागी असलेला सिद्धिविनायक विदर्भातील अष्टविनायकांत गणला जातो. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराला मारले ते इथेच, अशी गावाची श्रद्धा. (बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातही एकचक्र नावाचे गाव आहे आणि पांडवांची हीच कथा तिथेही सांगतात, तेव्हा केळझरकरांनी बंगालमध्ये हा विषय जरा जपून काढावा.) जुन्या काळी हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला तो १८६२ मध्ये. धागा सापडतो तो इथेच, भोसल्यांच्या नावाशी.

पण त्याआधी सूर्याचा हिशेब पाहिला पाहिजे, कारण आजींचा चौविहार आहे. घड्याळ देशभर एकच असले, तरी कोलकाता केळझरच्या जवळजवळ दहा रेखांश पूर्वेला आहे. त्यामुळे सूर्य तिथे सुमारे चाळीस मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरअखेर कोलकात्याचा सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो. घरच्या सवयीने साडेपाचला जेवायला बसू म्हणणाऱ्याचा त्या दिवशी उपवास ठरलेला. उलट नवकारशी लवकर येते. थोडक्यात, या शहरातील यात्रेकरूचा दिवस पहाटे सुरू करावा लागतो आणि पाचच्या आत आटोपावा लागतो. मुंबई-हावडा मेलने पहाटे उतरणाऱ्यास ते जमण्यासारखे आहे. स्थानकावरच स्नान उरकावे, सामान अमानती सामानघरात ठेवावे आणि मोकळ्या हातांनी बाहेर पडावे.

हावडा स्थानकासमोरच नदीकाठी होड्यांचा धक्का आहे. मार्च २०२४ पासून हुगळीच्या तळाखालून मेट्रोही धावते आणि नातवाचा आग्रह तिच्यासाठीच असणार. पण ती परतताना घ्यावी. सकाळी बागबाजारकडे जाणारी फेरीबोट घ्यावी. बोट उत्तरेला वळते तेव्हा उजव्या हाताला पैलतीरावर मल्लिक घाटाचा फुलांचा बाजार दिसतो. झेंडूच्या माळांचे वेटोळे डोक्यावर घेतलेले हमाल आणि पाण्यात उतरून स्नान करणारी माणसे एकाच पायऱ्यांवर. मग हावडा पूल डोक्यावरून जातो. १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झालेल्या या पुलाला सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद लागले आणि त्यातील तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्याचे होते. ज्या जमशेदजींच्या नावाने तो कारखाना ओळखला जातो, त्यांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपुरात, कापसाच्या मुलखाजवळ. हा दुसरा एक धागा; पण एका दिवसात दोन नकोत.

बागबाजारला उतरल्यावर जुन्या कोलकात्याच्या गल्ल्या सुरू होतात. मासळीबाजार वाटेत लागतोच. आजींनी पदर नाकाला लावून पुढे जावे, यजमान शहरावर रागावू नये. याच भागात एका लहानशा रस्त्याचे नाव आहे ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठ्यांच्या खंदकाची गल्ली. पाहायला तिथे काहीच नाही. घरे, दुकाने, वाळत घातलेले कपडे. ‘यासाठी आलो का?’ असे नातू विचारील, आणि ते रास्तच आहे. उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर चौथाई वसूल करण्यासाठी बंगालमध्ये शिरले. त्यांच्या घोडदळाच्या नुसत्या बातमीने कोलकाता हादरले. इंग्रजांच्या परवानगीने रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. कौन्सिलने पंचवीस हजार रुपयांची उचल दिली, ती रहिवाशांनी फेडायची होती. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. पुढे १७५६ मध्ये सिराजउद्दौला आला तेव्हा या खंदकाने त्याला अडवले नाही. काम अर्धवट, उपयोग शून्य. उचल मात्र खाती राहतेच. हा हिशेब कोणत्याही काळात बदललेला नाही. १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. आज त्याच रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड अशी दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत.

कोलकाता वाचले, पण बाकीचा बंगाल वाचला नाही. १७४२ ते १७५१ या काळात स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या झाल्या. मराठी फौजेत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. आपल्याकडे हा केवळ पगारपत्रकातला भेद. बंगालीत मात्र बारगीरचे ‘बर्गी’ झाले आणि तो शब्द मुलांना भीती घालून झोपवणाऱ्या अंगाईगीतात जाऊन बसला. तिथल्या आया ते गीत आजही गातात. त्याच काळात गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ हे काव्य लिहिले. नाव ऐकून मराठी वाचकाचा ऊर भरून येईल. आत आहे ती पळणाऱ्या गावांची यादी. पंडित पोथ्या घेऊन निघाले, सोनार तराजू घेऊन, गंधी आपला माल घेऊन.

नातवाला अटकेपार गेलेले झेंडे ठाऊक आहेत, आणि ते ठाऊक असावेतच. त्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्याला हेही सांगावे का, असा प्रश्न वडिलांना पडेल. आईला वाटेल, यात्रेच्या दिवशी हे कशाला? पण जमेची बाजू वाचून दाखवायची आणि नावेची बाजू झाकायची, ही खतावणी कोणत्याही पेढीवर चालत नाही. सांगण्याने मुलाचा अभिमान आटणार नाही. फार तर तो जरा सावकाश बोलेल. शिवाय दुसरी बाजूही सांगता येते: १७४४ मध्ये वाटाघाटींसाठी बोलावून भास्करपंतांची आणि त्यांच्या सरदारांची तंबूतच हत्या करण्यात आली, आणि १७५१ च्या तहाने वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली तेव्हा कुठे बंगाल शांत झाला.

जैन वाचकाला या कथेत आणखी एक नाव भेटते. मुर्शिदाबादची जगत्सेठांची पेढी त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक होती. घराणे मूळचे नागौरचे, ओसवाल जैन. ‘जगत्सेठ’ ही पदवी फत्तेचंदांना बादशहा मुहम्मदशहाने दिली. मे १७४२ मध्ये मीर हबीब मराठी स्वार घेऊन मुर्शिदाबादेत घुसला आणि ही पेढी लुटली गेली. लुटीचा आकडा काही लाखांपासून दोन कोटींपर्यंत सांगतात. लुटणारा फुशारकीने वाढवतो, लुटलेला दुःखाने. अशा आकड्यांचा ताळा कधीच जुळत नाही. पुढे याच घराण्यातील खुशालचंदांचे नाव शिखरजीवरील जीर्णोद्धाराशी जोडले गेले. ज्या मुलखातून ते घोडेस्वार निघाले, त्याच मुलखातील आजी आज त्या डोंगराकडे निघाल्या आहेत. हे त्यांना सांगितले तर त्या क्षणभर थांबतील, आणि मग बहुधा विचारतील, ‘मंदिर किती लांब आहे रे?’

मंदिर जवळच आहे. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकातून, घोड्यावरील नेताजींच्या पुतळ्यापासून, खंदकाच्या जुन्या रेषेच्या कडेकडेने दक्षिणेला गेले की गौरीबाडीत बद्रीदास टेंपल स्ट्रीट लागतो. जवाहिरे रायबहादूर बद्रीदास यांनी १८६७ मध्ये हे मंदिर बांधले. मूलनायक दहावे तीर्थंकर शीतलनाथ; तरी सारे शहर त्याला ‘पारसनाथ मंदिर’च म्हणते आणि टॅक्सीवाल्यालाही तेच नाव सांगावे लागते. आरसे, रंगीत काचा, झुंबरे आणि बाहेर पाण्याचे कुंड. आत तेवणारा अखंड दीप स्थापनेपासून विझलेला नाही, असे सांगतात. घाईने पाहण्याची ही जागा नव्हे. दर्शन झाल्यावर आजींना तासभर निवांत बसू द्यावे. दिगंबर बांधवांसाठी बेलगाछियाचे भव्य मंदिरही याच उत्तर भागात, मेट्रो स्थानकाजवळ आहे.

दुपारी बडाबाजार. मारवाडी वस्ती जुनी असल्याने कांदा-लसणाविना जेवण तिथे सहज मिळते. कंदमुळाचे मात्र विचारूनच घ्यावे. नातवाला ट्रामचे आश्वासन देऊ नये, तिचे बहुतेक मार्ग बंद झाले आहेत. व्हिक्टोरिया मेमोरियल राहिले, संग्रहालय राहिले, तर राहू द्यावे. साडेचारला पान मांडलेले असावे. त्यानंतर नदीखालच्या मेट्रोने हावड्याला परत.

रात्रीची गाडी पारसनाथच्या वाटेवर बर्धमानला पोहोचते तेव्हा डब्यातील दिवे मालवलेले असतात. १७४२ च्या एप्रिलमध्ये भास्करपंतांच्या स्वारांनी नवाब अलीवर्दीखानाला घेरले ते याच गावाजवळ. नातू जागा असेल तर खिडकीतून फलाटावरची पाटी वाचून घेईल. आजींना एव्हाना झोप लागलेली असेल. पारसनाथ अजून दोनशे किलोमीटर दूर आहे, आणि डोंगर चढायचा तर अंगात बळ हवे.