बावीस वर्षांत एकही प्रश्न नाही

२०१९च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या ४०पर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी परीक्षा दिली की पुढची २२ वर्षं कोणी काही विचारत नाही. नूतनीकरणालाही, मुदत संपून वर्ष उलटलं नसेल तर, परीक्षा नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक ओळ बदलली तरी चाचण्या पुन्हा चालवतो; इथे अख्खा रस्ता बदलला.

फटका बसतो रात्रपाळीहून परतणाऱ्या वॉचमनला, पेपर टाकणाऱ्या पोराला. (हेल्मेट घालून रविवारी निघणारे आम्ही नंतर.) कडेच्या मोटारीचं दार अचानक उघडतं, सायकलवाला चुकवायला मध्ये वळतो आणि मागून बस येते. चालकाने डाव्या हाताने दार उघडलं तर मान आपोआप मागे वळते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२पासून ही सवय सांगितली आहे. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतरही.

फेरपरीक्षा म्हटलं की आरटीओची रांग आणि एजंट आठवतो. ती धास्ती खोटी नाही. म्हणून नूतनीकरणाच्या ऑनलाइन अर्जातच सायकलींविषयी दहा प्रश्न असावेत. सायकलस्वाराला धडक देणाऱ्याची मात्र प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा घ्यावी, लायसन्स परत हातात देण्याआधी.