शिफारसपत्र कोणत्या सरांचे घ्यावे?



आपल्याकडे शिफारसपत्र म्हटले की आमदारांचे लेटरहेड आठवते. बदली असो, वसतिगृहातली जागा असो, त्यावाचून काम होत नाही असा समज पक्का आहे. त्यामुळे परदेशी विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत अर्ज करणारी जळगाव-धुळ्याची मुलेही पत्रासाठी सर निवडताना खुर्ची बघतात. आधी प्राचार्य, मग विभागप्रमुख, ओळख निघाली तर संस्थेचे चेअरमन. हे चुकते आहे, आणि त्यात मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांचा दोष मोठा आहे.

मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. "तूच लिहून आण, मी सही करतो," हे मीही अनेकदा म्हणालो आहे. माझ्या सहीची सगळी मुले अभ्यासू, नम्र आणि होतकरू होती! वाचणाऱ्याला त्यातून काय कळावे? तिकडचे फॉर्म बहुधा आधी हेच विचारतात की या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कशामुळे ओळखता. चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोघांचा संदर्भ लागतो, फुलब्राइट-नेहरूला तिघांचा. तिन्ही पत्रांत नुसते 'होतकरू' लिहून कसे भागेल?

धुळ्यातल्या एका ओळखीच्या मुलीने एम.एस्सी.ला केळीच्या खोडाच्या धाग्यावर प्रकल्प केला. धाग्यावर रंग बसेना. तीनदा फसल्यावर तिने धागा धुण्याची पद्धतच बदलली आणि चौथ्यांदा जमले. ही धडपड पाहिली ती एकट्या तासिका तत्त्वावरच्या सरांनी. पुढे अर्ज करताना पत्र मात्र तिने प्राचार्यांचे घेतले. घरच्यांचा तसा आग्रह होता, आणि तासिका तत्त्वावरच्यांना (सीएचबी) लेटरहेड मिळत नाही असे ऑफिसातूनही सांगण्यात आले. त्या पत्रात केळीच्या खोडाचे नावही नव्हते. तिला प्रवेश मिळाला नाही. कारण कुणी कळवत नाही, त्यामुळे खापर पत्रावर फोडणार नाही. पण तिच्या बाजूने बोलू शकणारा एकमेव माणूस गप्प राहिला, एवढे खरे.

मोठ्या नावाने वजन येते, असे कुणी म्हणेल. येते ना. ज्या बहिणाबाईंचे नाव 2018 पासून आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांची गाणी 1952 मध्ये छापली गेली ती आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने आणि प्रस्तावनेसह. पण अत्र्यांनी त्या गाण्यांची वही वाचली होती. आणि त्याच्याही आधी आईच्या तोंडची गाणी कागदावर उतरवणारे सोपानदेव होते. आमचे प्राचार्य मुलांची वही न उघडताच प्रस्तावना लिहितात.

बारावीनंतर थेट बाहेर जाऊ पाहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणे क्लासमध्ये. त्यांना ओळखणारे सर कोणते, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

पदवी-पदव्युत्तरचे मात्र सोपे आहे. विद्यापीठाने जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना एक परिपत्रक काढावे: तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनाही महाविद्यालयाच्या नावाचा ई-मेल द्यावा, पत्र त्यांनी लिहावे आणि प्राचार्यांनी खाली प्रतिस्वाक्षरी करावी. आता पत्राची लिंक बहुतेक वेळा थेट सरांच्या मेलवर येते, आणि खासगी पत्त्यावरून गेलेल्या पत्राकडे संशयाने पाहिले जाते. याला खर्च जवळजवळ काहीच नाही. ज्यांचे मानधन महिनोन्महिने थकते, त्यांना निदान पत्ता तरी द्या.

मुलांनी दिवाळीच्या आधीच विचारावे. ऐन परीक्षेत, अर्जाची मुदत दोन दिवसांवर आल्यावर नव्हे. प्रकल्पाची वही, गुणपत्रक आणि कुठे, कशासाठी अर्ज करतोय याचा कागद सोबत न्यावा. सर "बघू" म्हणाले तर दुसरे सर शोधावेत. आणि फोन नंबर घेऊन ठेवावा, कारण पुढच्या जूनमध्ये आपण चोपड्याला असू की शिरपूरला, हे त्या सरांनाही ठाऊक नसते.

– एक निवृत्त प्राध्यापक, जळगाव