निजलेला मैत्रेय

चोरी निंद्य आहे असे आपण मुलांना शिकवतो आणि चोराची कथा मात्र मिटक्या मारीत वाचतो. यात ढोंग आहे काय? आमच्या भेस्तानमध्ये मराठी, हिंदी आणि गुजराती बिऱ्हाडे एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे ‘चंद्रकांता’ हे नाव येथे कोणाला परके नाही. ही अद्भुत कादंबरी हाती धरलेल्या मुलाला जेवणाची हाक ऐकू येत नाही. मग पालक विचारतात, “गुरुजी, असल्या लबाडीच्या पुस्तकांनी पोर बिघडणार तर नाही ना?” प्रश्न रास्त आहे, त्याचा विचार केला पाहिजे.

‘चंद्रकांता’चे कर्ते देवकीनंदन खत्री (1861–1913) यांनी काशीनजीकच्या चकिया आणि नौगढ येथील जंगलांचे ठेके घेतले होते. तेथे हिंडताना पाहिलेले पडके किल्ले आणि गुहा पुढे त्यांच्या लेखणीतून तिलिस्म होऊन अवतरल्या. कथेत राजपुत्र आहे, राजकन्या आहे; परंतु वाचकाचे मन जडते ते ऐयारांवर. वेश पालटणारा, बेशुद्धीचे औषध बटव्यात बाळगणारा, शत्रूच्या महालातून माणूस गाठोड्यात बांधून पळवणारा तो ऐयार! राजाराजांतील युद्धे हे ऐयार रक्त न सांडता आपल्या चातुर्याने मिटवीत, असे खत्रींनीच प्रस्तावनेत नमूद केले आहे. तात्पर्य, वाचक लुब्ध होतो तो लुटीवर नव्हे, युक्तीवर.

ही गोडी आपल्याकडे फार जुनी आहे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले. त्यातील शर्विलक हा ब्राह्मण चोर आठवावा. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी त्याचे आकार तो शास्त्र्याच्या थाटात मोजतो : उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ. भाजक्या विटांना पूर्णकुंभच शोभेल, असे ठरवतो. मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यातले जानवेच कामी लावतो. आत शिरल्यावर मृदंग, वीणा आणि पोथ्या पाहून त्याच्या ध्यानी येते की, हे तर दरिद्री रसिकाचे घर! तो परत फिरणार, इतक्यात निजलेला मैत्रेय झोपेत बरळतो आणि गाय-ब्राह्मणाची शपथ घालून दागिन्यांचा डबा आपल्याच हाताने चोराच्या स्वाधीन करतो.

आपण येथे खळखळून हसतो. परंतु शूद्रक आपल्याला हसवून सोडून देत नाही. ते दागिने वसंतसेनेची ठेव होती. तिची भरपाई म्हणून चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. शर्विलकाने चोरी केली ती मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी, हे खरे; पण त्याच्या कौशल्याची किंमत दुसऱ्याच घरच्या गृहिणीने मोजली. चोराचे कौतुक करावयास लावून त्याच वेळी ही किंमतही दाखवते, ती कथा उत्तम. अशी कथा वाचून पोर बिघडत नाही. त्याची विवेकबुद्धी जागी होते.

आणखी एक गोष्ट आहे. कथा वाचताना आपण चोराच्या खांद्याशी उभे असतो. त्याचा बेत आपल्याला ठाऊक असतो. संसारात मात्र आपण भिंतीच्या आत निजलेलो असतो. आजच्या चोराला भिंत फोडावी लागत नाही. तो फोनवरून बँकेचा अधिकारी होतो, पोलीस होतो, कधी तर परगावी अडकलेला भाचा होतो. मागावर किंवा खात्यावर राबून जमवलेली महिन्याची कमाई, मोबाईलवर आलेला आकडा सांगून, आपणच त्याच्या हाती ठेवतो. हा मैत्रेयाचाच डबा नव्हे काय? धुळे-जळगावकडे आईवडील आणि सुरतेत लेकरे, अशा आपल्या कुटुंबांत तर सारा जिव्हाळाच फोनवर चालतो; फसवणाऱ्याला तेवढीच फट पुरते.

ऐयारांच्या गोष्टी वाचलेले मूल अशा वेळी उपयोगी पडते. समोर दिसणारे माणूस तेच आहे कशावरून, हा संशय त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. ऐयार आपल्या सोबत्यालाही ओळखीची खूण विचारल्यावाचून विश्वास टाकत नसत. वाचकहो, आपणही घरात एखादी खूण ठरवून ठेवावी : आजीच्या गावची नदी, जुन्या गाईचे नाव, काहीही. पैशाची निकड सांगणारा फोन आला की आधी खूण विचारावी. तरीही घात झालाच, तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेला 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

तेव्हा मुलांच्या हातून ‘चंद्रकांता’ काढून घेऊ नका. उलट रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांच्याकडून तिची गोष्ट मराठीत सांगून घ्या. हिंदीतली मौज मराठीत उतरवताना पोरांची जीभ घडेल, आणि ऐकता ऐकता घरातले मोठेही थोडे जागे होतील.